निरवानिरव

‘कालनिर्णय’ मराठी घरांच्या भिंतीवर आणणाऱ्या जयंत साळगांवकरांनी मृत्युपत्र केलेलं होतं. त्यावर २७ जून २०११ ही तारीख आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते गेले. त्यांच्या काही मुदतठेवी आणि म्युच्युअल फंडांतली गुंतवणूक मात्र त्या मृत्युपत्रात आलेली नव्हती. तिच्यावर नॉमिनी म्हणून नावं लागलेली होती. मग ते पैसे कोणाचे, नॉमिनींचे की सगळ्या वारसांचे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि १४ डिसेंबर २०२३ला त्याचा निकाल लागला. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

कुणाच्या घरगुती गोष्टीत डोकावायचं म्हणून हे सांगत नाही. निकाल जाहीर आहे आणि त्यामुळे देशभरातल्या गुंतवणूकदारांच्या मनातली एक शंका मिटली. मला त्यातलं वेगळंच काही लागून राहिलं आहे. ज्यांनी मृत्युपत्र केलंच नाही त्यांच्या घरात वाद होतात, हे आपण धरूनच चालतो. इथे तर मृत्युपत्र होतं, नॉमिनीही होते. एवढं सगळं असूनही कागद एकमेकांना अनोळखी राहिले, तर पुढच्या पिढीला न्यायाधीशांकडून त्यांची ओळख करून घ्यावी लागते.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी ‘निरवानिरव’ असा फार नेमका शब्द आहे. काशीयात्रेला निघणारा माणूस घरदार, देणंघेणं, गुरंढोरं ज्याच्या त्याच्या हवाली करून मग निघत असे. परतण्याची खात्री नसायची. त्या शब्दात भीती नाही, मागे राहणाऱ्यांची काळजी आहे. एकच गोष्ट आज बदलली आहे. पूर्वी निरवानिरव एकदा केली की झाली. आज तीस वर्षांच्या नोकरदाराचीही पाच खाती, दोन विमे, एक डीमॅट, कर्जावरचा फ्लॅट आणि गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली दडलेला हिस्सा असतो. हे सगळं दरवर्षी हलतं, वाढतं, बदलतं. म्हणून निरवानिरवही चालू ठेवावी लागते.

आधी नॉमिनीचा घोळ सोडवू, कारण सगळ्यात जास्त घरं तिथेच अडखळतात. नॉमिनी हा पैसे स्वीकारण्याचा अधिकार असलेला हात आहे, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका खटल्यात १९८३मध्येच सांगितलं होतं. शेअर्सच्या बाबतीत मात्र २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा उलटा निकाल आला आणि बरीच वर्षं ‘शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालकच’ असा समज पसरला. २०१६मध्ये उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने तो खोडून काढला आणि २०२३च्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. बँक, कंपनी, फंड यांनी पैसे कोणाच्या हातात दिले की त्यांची जबाबदारी संपते, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. तो हात पुढे ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे, किंवा मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, ज्याचे त्याला द्यायला बांधलेला असतो. आयुर्विम्यात २०१५च्या दुरुस्तीने एक अपवाद आला: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर विम्याची रक्कम खरोखर त्याचीच होते. म्हणजे एकाच माणसाने एकाच दिवशी भरलेले दोन सारखे दिसणारे फॉर्म, आणि दोहोंचा अर्थ वेगळा.

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासद गेल्यावर खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो. सोसायटीच्या कार्यालयात शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणजे घर आपलं झालं, असं समजून निवांत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि दोघांच्या नावावर घर असलं की एक गेल्यावर सगळं आपोआप दुसऱ्याचं होतं, हाही असाच एक गैरसमज. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.

मग नॉमिनी नेमूच नयेत का? नक्की नेमावेत. त्यांच्यामुळेच पैसे बँकेतून पटकन बाहेर पडतात, आणि त्या दिवसांत घराला रोख पैशांची फार गरज असते. १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, हिस्सा टक्क्यांत ठरवून किंवा एकामागून एक. माझं म्हणणं एवढंच, की मृत्युपत्रात ज्याला द्यायचं लिहिलं, नॉमिनीही शक्यतो तोच असावा.

आता मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते एका साध्या घरावरून पाहा. बेचाळीस वर्षांचा हिंदू गृहस्थ अचानक गेला. मागे पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आई-वडील. राहता फ्लॅट एकट्याच्या नावावर, स्वकमाईचा. बहुतेकांना वाटतं, घर आता बायकोचं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते चौघांचं झालं: पत्नी, दोन मुलं आणि आई, प्रत्येकी चौथा हिस्सा. आई पहिल्या वर्गाची वारस आहे. वडील दुसऱ्या वर्गात येतात, त्यांना इथे काहीच मिळत नाही. दोन वर्षांनी त्या बाईला घर विकून लहान घर घ्यायचं झालं, तर मुलांचा हिस्सा विकण्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी आणावी लागते, कारण अज्ञान मुलांची स्थावर मिळकत आईलाही परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि पुढे सासूबाई मृत्युपत्राशिवाय गेल्या, तर त्यांचा चौथा हिस्सा सासरे, दीर, नणंदा आणि ही नातवंडं यांच्यात वाटला जातो. यात वाईट कोणीच नाही. सासूबाई प्रेमळ, दीर सज्जन. तरी एका विधवेच्या डोक्यावरच्या छपराला सह्या लागतात सात-आठ जणांच्या. त्या गृहस्थाने कागदाच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या असत्या, आईसाठी वेगळी तरतूद केली असती, तर हे टळलं असतं.

बायकांच्या मिळकतीबद्दल तर मला थांबून सांगायलाच हवं. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर याच १९५६च्या कायद्याचं कलम १५ लागू होतं. पहिला हक्क मुलं आणि पती यांचा. ते नसतील तर पतीच्या वारसांचा. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरहून वारशाने आलेली मिळकत, मुलं नसतील तर, माहेरी परत जाते. पण तिने स्वतः कमावलेल्या पैशांना ही सवलत नाही. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण वाचून मी सुन्न झाले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, आई-वडिलांनी सांभाळलं, शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावावर बँकेतले पैसे आणि प्रॉव्हिडंट फंड होता. मृत्युपत्र नव्हतं. ज्या घराने तिला हाकललं, त्या घरच्या नणंदेच्या मुलांना ते सगळं मिळालं, कारण कायद्याची भाषा स्पष्ट होती आणि सहानुभूतीने ती बदलता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांनी, विशेषतः हिंदू स्त्रियांनी, मृत्युपत्र करून ठेवावं, असं आवाहन केलं, ते याच कलमामुळे. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या माझ्या मैत्रिणींना मी हे भेटेल तिथे सांगते. तुमच्या पगारातून साठलेलं कुठे जावं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, तर १९५६चा कायदा लिहून बसलेला आहे.

मृत्युपत्र करणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. साधा कागद चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. हाताने लिहा किंवा टाईप करा, कोणत्याही भाषेत. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याला हवी आहे ती करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना पाहिली किंवा ‘ही माझीच’ असं तुमच्या तोंडून ऐकलं, आणि मग तुमच्यासमोर स्वतः सही केली. मजकूर काय आहे, हे साक्षीदारांना कळण्याची गरज नाही.

एवढ्याशा अटींतही लोक चुकतात ते साक्षीदार निवडताना. वडिलांच्या वयाचे दोन स्नेही सह्या करतात आणि गरज पडते तेव्हा दोघेही हयात नसतात. किमान एका साक्षीदाराने पुढे कोर्टात येऊन सही ओळखावी लागते, म्हणून ते आपल्याहून तरुण, गावात सापडणारे असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. एक जण घरचे डॉक्टर असले तर फार बरं. करणारा शुद्धीवर आणि समजत्या मनाने होता, हे तेच सांगू शकतात. मृत्युपत्राविषयी संशय कशामुळे येतो, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे: सगळं ज्याला मिळालं त्यानेच पुढाकार घेऊन कागद तयार केला, सही थरथरती, आणि जवळच्या वारसाला कारण न देता वगळलेलं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर उपाय सोपा आहे. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर का, ते लिहा. ‘थोरल्याच्या व्यवसायाला मी आधीच मदत केली आहे’ एवढं एक वाक्यही पुरतं. ते वाक्य कोर्टासाठी असतं तसंच थोरल्यासाठीही असतं.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात नाममात्र फी भरून ती करून घ्यावी, असं माझं मत. कागद हरवत नाही, बदलला गेल्याची शंका येत नाही. नोंदवलेलं मृत्युपत्रही पुढे साध्या कागदाने बदलता येतं; शेवटचं जे असेल ते खरं. मुंबईतल्या लोकांना आणखी एक धास्ती असायची ती प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याची. तिथल्या मृत्युपत्रांना उच्च न्यायालयाचं प्रोबेट घेतल्याशिवाय हक्क सिद्ध करता येत नसे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ती सक्ती करणारं, १९२५च्या कायद्यातलं कलम २१३ वगळलं. प्रोबेट आजही मागता येतं, आणि वारसांत कुरबूर असेल तर मागितलेलं चांगलंच.

मृत्युपत्रात मिळकत ओळखू येईल अशी लिहावी. ‘माझी गावची जमीन’ म्हणून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा हव्यात. कर्जही लिहावं, दिलेलं आणि घेतलेलं दोन्ही. शेवटी ‘यात न आलेली आणि पुढे मिळणारी सर्व मिळकत’ कोणाला, अशी एक ओळ असावी. ती ओळ फार मोलाची आहे. सुटलेल्या प्रत्येक खात्याला तिच्यात जागा मिळते. आणि अंमलबजावणी करणारा एक विश्वासू माणूस, म्हणजे एक्झिक्युटर, नावाने नेमावा. मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असतील तर हा माणूस इथला, तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत पायपीट करू शकणारा हवा. मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, असं पुष्कळ जण सांगतात. ते देणाऱ्याच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपतं. त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार टिकत नाही.

शेतीचा विषय आपल्याकडे वेगळाच गुंतलेला. वडिलोपार्जित जमीन सगळीच्या सगळी एखाद्या मुलाला लिहून देता येत नाही. त्यातला आपला हिस्सा तेवढा देता येतो. आणि त्या जमिनीत मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. महाराष्ट्राने हे १९९४मध्येच, काही मर्यादांसह, मान्य केलं. केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ला बदलला. आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. मृत्युपत्र लिहिताना बहिणींना विसरणारे लोक असा कागद लिहितात, जो पहिल्याच नोटिशीला फाटतो. शिवाय १९४७चा तुकडेबंदी कायदा आहेच. पाच मुलांना पाच छोटे तुकडे लिहून दिले म्हणजे सातबाराही पाच होतील असं नाही.

गावाकडे यापेक्षा मोठी अडचण असते ती पडून राहिलेल्या वारस नोंदींची. आजोबा गेले, वडील गेले, आणि सातबाऱ्यावर अजून पणजोबा उभे. जमीन महसूल संहितेनुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, विहिरीचं अनुदान, सगळं त्या नोंदीपाशी अडतं. शासनाने २०२५मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मृत खातेदारांची नावं कमी करायला घेतली, यावरून हा ढीग केवढा असेल याची कल्पना यावी. फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली असं मात्र नाही; ती महसुलाची नोंद आहे, हक्काचा निवाडा दिवाणी कोर्टच करतं.

‘मृत्युपत्र कशाला, हयातीतच बक्षीसपत्र करून टाकतो’ म्हणणारे काही जण असतात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. मला याची भीती वाटते. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं. बक्षीसपत्र सही झाली की गेलं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय आहे, पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. मुलांवर विश्वास ठेवावाच. राहत्या घराची मालकी मात्र आपण असेपर्यंत आपल्याकडे असू द्यावी.

मी इथवर बोलले ते मुख्यतः हिंदू कुटुंबांबद्दल. गोव्यातल्या वाचकांचं गणित निराळं. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात उतरला आहे: पती-पत्नींची मिळकत साधारणपणे निम्मी-निम्मी, आणि स्वतःच्या वाट्यातलाही अर्धा भाग मुलांचा राखीव, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. मुस्लिमांना व्यक्तिगत कायद्यानुसार वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त लिहून देता येत नाही. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीने लग्न केलं की तिचं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. नवविवाहितांना हे कोणी सांगत नाही.

मार्च २०२४अखेर बँकांमधल्या दहा वर्षं कोणी न मागितलेल्या ठेवी ७८,२१३ कोटी रुपये होत्या. त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि वारस कधीही मागू शकतात. शोधायला २०२३पासून ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळही आहे. अशा विसरलेल्या पैशांत आमच्याही घराची थोडी भर पडली असती. माझे वडील शिस्तीचे, डायरीत प्रत्येक ठेवीचा नंबर लिहिणारे. पण डायरी त्यांच्या शेवटच्या आजारपणाच्या चार वर्षं आधी थांबली होती. त्यानंतर काढलेल्या एका पतसंस्थेच्या ठेवीची पावती कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडली, ते जाऊन तीन वर्षं झाल्यावर, रंगकाम काढलं म्हणून. कागद लिहिण्याइतकंच तो ताजा ठेवण्याला महत्त्व आहे, हे मी त्या दिवशी शिकले. घरात लग्न झालं, मूल झालं, कोणी गेलं, घर घेतलं किंवा विकलं, साक्षीदार गाव सोडून गेला, की मृत्युपत्राचं पाकीट उघडायचं. आणि यातलं काहीच झालं नाही तरी वर्षातून एकदा. आम्ही त्यासाठी आयकराचं विवरणपत्र भरायचा दिवस धरला आहे, कारण तेव्हा सगळी पासबुकं बाहेर आलेलीच असतात.

आईने एकाहत्तराव्या वर्षी मृत्युपत्र केलं. ‘माझं काय गं आहे एवढं?’ असं म्हणत दोन वर्षं टाळलं होतं तिने. लिहायला बसलो तेव्हा यादी निघाली: फ्लॅटमधला तिचा अर्धा भाग आणि बाबांच्या भागातला वारसाहिस्सा, पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, दोन पाटल्या, आणि माहेरच्या शेतात मामाबरोबर सातबाऱ्यावर लागलेलं नाव. मामाने हक्कसोडपत्राचं कधी काढलं नव्हतं, तिनेही नाही. ‘राहू दे तिथे नाव,’ ती म्हणाली, आणि तो हिस्सा मामाच्या मुलीला लिहिला. आम्ही दोघी बहिणी काही बोललो नाही. तिच्या शेजारी बसून यादी करेपर्यंत तिचं काय आहे, हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं.

पुढच्या जुलैत पाकीट उघडलं तेव्हा त्यातली एक पाटली उरली नव्हती. माझ्या भाचीच्या कॉलेजच्या फीसाठी आईने ती मोडली होती. साक्षीदार असलेल्या शेजारच्या काकू मुलाकडे बंगळूरला गेल्या होत्या. आईने पुरवणी लिहायची ठरवली. पुरवणीलाही मृत्युपत्रासारखेच दोन साक्षीदार लागतात, म्हणून डॉक्टरांना आणि वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला सकाळी बोलावलं. आईने पोहे केले. आधी पोहे, मग सह्या. सगळे गेल्यावर तिने कागद पाकिटात सरकवला, पाकिटावर होती ती तारीख तशीच ठेवून तिच्या खाली नवी तारीख लिहिली, आणि पाकीट पासबुकांच्या डब्यात, वरच हाताला लागेल असं ठेवलं.